चार बोटं अंतर

तिची मांडी माझ्या तळहाताएवढीही रुंद नव्हती. साडेतीन वर्षांची मुलगी, डाव्या पायात पोलिओ, आणि मी परळला फिजिओथेरपी शिकणारी विद्यार्थिनी. १९८५ सालचा पावसाळा होता. बाहेर गुडघाभर पाणी तुंबलेलं आणि आई त्या पाण्यातून मुलीला कडेवर घेऊन आलेली. "गुडघा ताठ कर बघू," मी तीनदा म्हटलं. पाय हलला नाही. तक्त्यावर शून्य लिहायला मी पेन उचललं, तेवढ्यात मागून मॅडम म्हणाल्या, "डोळ्यांनी नको बघूस. बोटं ठेव."

गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर मी दोन बोटं ठेवली. मॅडमनी मुलीच्या पावलासमोर आपला हात धरला. "हं, मार लाथ. मला मार." मुलीने ओठ आवळले, कपाळाला आठ्या घातल्या. पाय जागचा हलला नाही, पण माझ्या बोटांखाली काहीतरी झालं. झोपलेल्या माणसाची पापणी फडफडते ना, तेवढंच. मग परत एकदा.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"एक," मी म्हटलं. माझा आवाज कापरा झाला होता.

स्नायूची ताकद मोजायची आमची पट्टी शून्य ते पाच अशी असते. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे नुसती फडफड, सांधा हलत नाही. दोन म्हणजे वजन काढून घेतलं तर हलतो. तीन म्हणजे स्वतःचं वजन पेलून हलतो. चार म्हणजे थोडा विरोध केला तरी हलतो, आणि पाच म्हणजे तुमच्याआमच्यासारखा. कागदावर शून्य आणि एक शेजारी शेजारी असतात. पण शून्य असलेल्या पायापुढे मी काय करू शकते आणि एक असलेल्या पायापुढे काय, यात एका अख्ख्या आयुष्याचा फरक आहे.

हे काम मी ३७ वर्षं केलं. आधी मुंबईत मोठ्या रुग्णालयांमध्ये, १९९४ पासून साताऱ्यात माझ्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात, आणि २०२२ साली थांबले. गावात माझी ओळख 'शेकवाल्या मॅडम' अशी होती. इतक्या वर्षांत काय शिकलात, असं कोणी विचारलं की मला त्या पट्टीवरचा दोन हा आकडा आठवतो.

दोनची गंमत अशी की असा पाय उताणं झोपवून बघितलात तर तो मेल्यासारखा दिसतो. घरचे सांगतात, "काहीच हलत नाही हो." मग आम्ही त्या माणसाला कुशीवर वळवतो. पायाखाली गुळगुळीत फळी ठेवतो, फळीवर टाल्कम पावडर भुरभुरवतो आणि पाय त्यावर आडवा ठेवतो. आता पायाला स्वतःचं वजन उचलायचं नसतं, फक्त सरकायचं असतं. "आता सरळ करा," म्हटलं की तोच पाय पावडरीत रेघ ओढत सरळ होतो. ती रेघ बघून बायाबापड्या रडलेल्या मी पाहिल्या आहेत. ताकद कालही तेवढीच होती, आजही तेवढीच आहे. कोणीतरी वजन तेवढं काढून घेतलं.

पण गोष्ट फळीवर संपत नाही. रोज फळीवरच सरकत राहिलेला पाय दोनवरच राहतो. कधीतरी त्या माणसाला कॉटच्या कडेवर बसवून, पाय खाली सोडून, वजन त्याचं त्याला परत द्यावं लागतं. ते आज द्यायचं की पुढच्या आठवड्यात, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. आधार किती द्यायचा आणि हात कधी काढून घ्यायचा, या एकाच प्रश्नावर माझी ३७ वर्षं गेली, आणि त्यात मी चुकलेही.

आमच्या विषयाचा भारतातला जन्मच पोलिओच्या साथीतून झाला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय सुरू झालं. मी शिकत होते तेव्हाही पोलिओची मुलं रांगेने यायची. चामड्याच्या पट्ट्या आणि लोखंडी दांड्यांचे कॅलिपर घालून ती चालायला लागली की सगळ्या हॉलमध्ये खटक-खटक असा आवाज भरून राहायचा. मूल वाढायचं, कॅलिपर वाढायचा नाही. मग पुन्हा माप, पुन्हा खर्च, पुन्हा गावाहून खेप. त्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला गिरणी कामगार बसलेले असायचे. १९८२ च्या संपानंतर कामावरून उठलेली ती माणसं कंबर दाखवायला यायची, आणि कंबरेबद्दल दोन वाक्यं बोलून झाली की घराबद्दल बोलत राहायची. मॅडम त्यांना कधी थांबवत नसत. शेकाची वीस मिनिटं संपल्यावरही मशीन बंद करून त्या तशाच ऐकत बसत.

देशातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक चिमुरडी. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या संध्याकाळी मी दवाखान्याच्या कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जुना छोटा कॅलिपर काढला, पुसला, थोडा वेळ हातात धरून बसले. ज्या आजाराने माझ्या विद्येला जन्म दिला तो गेला, याचा इतका आनंद मला होईल असं वाटलं नव्हतं. त्याच पिढीतली मुलं आता पन्नाशीकडे झुकली आहेत. आयुष्यभर कुबड्यांवर भार टाकून त्यांचे खांदे झिजलेत, आणि पायाचं दुखणं जुनं म्हणून सोडून ती खांद्यासाठी येतात.

आता चुकीबद्दल.

१९८९ साल. मी नोकरीत नवीन होते. साठीच्या एक आजी, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. त्यांना मी समांतर दांड्यांमध्ये चालवत होते, मग वॉकरवर आणलं. हुशार होत्या, सांगितलेलं लगेच उचलायच्या. एक दिवस मोठे डॉक्टर राउंडवर आले. मला दाखवायचं होतं की आठ दिवसांत माझा पेशंट कुठवर आलाय. एरवी माझा हात आजींच्या कमरेला असायचा, लुगड्याच्या ओच्याजवळ. त्या दिवशी मी तो काढला आणि दोन पावलं मागे सरकले, म्हणजे त्या एकट्या चालतायत हे नीट दिसावं. आजींनी वॉकर उचलला, पुढे ठेवला, पाऊल टाकलं, आणि वळताना त्यांचा तोल गेला. मी झेपावले तोवर त्या खाली होत्या. हात टेकला गेला आणि मनगट मोडलं.

मला कोणी फारसं बोललं नाही. आजी तर म्हणाल्या, "माजंच चुकलं गं, घाई केली." ते ऐकणं सगळ्यांत अवघड होतं, कारण घाई मी केली होती. त्यांच्या चालण्यातून मला माझी शाबासकी हवी होती. चालू झालेल्या बाईचं आता वॉकर धरायचं मनगटच प्लास्टरमध्ये गेलं. पुढचे दीड-दोन महिने मी रोज तो पांढरा हात बघत होते.

त्यानंतरची काही वर्षं मी कोणालाच सोडलं नाही. पेशंट चांगला चालायला लागला तरी माझा हात त्याच्या कमरेला. जिन्यावर तर मी दोन्ही हातांनी धरायची. पेशंट म्हणायचे, "मॅडम किती जपतात!" आणि मला ते गोड वाटायचं. एका रविवारी मी माझ्या जुन्या मॅडमना भेटायला गेले. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या, मला म्हणाल्या, "चाल." मी त्यांच्या हॉलमध्ये चालायला लागले. त्यांनी माझी कंबर घट्ट धरली. चार पावलांत माझी चाल बिघडली. शरीर नकळत त्यांच्या हातावर रेललं. मग त्यांनी हात सोडला आणि म्हणाल्या, "आता परत चाल. मागे बघू नकोस." मी चालले. वळून बघितलं तेव्हा त्यांचा तळहात माझ्या पाठीमागेच होता, चार बोटांच्या अंतरावर, आणि माझ्याबरोबर सरकत आला होता.

"काढायचा म्हणजे लांब न्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "तू त्या दिवशी लांब नेलास."

त्या चार बोटांचा सराव करायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. हात लावणं सोपं असतं, खिशात घालणंही सोपं असतं. न लावता तयार ठेवणं खांद्याला दमवतं, डोळ्यांना दमवतं, आणि कोणाला दिसतही नाही.

साताऱ्याला आल्यावर कळलं की ही अडचण माझ्यापेक्षा घरच्या माणसांची जास्त आहे. आपल्याकडे आजाऱ्याची सेवा करायची म्हणजे त्याला काही करू द्यायचं नाही. "तुम्ही पडून राहा, आम्ही आहोत ना," हे वाक्य मी किती घरांत ऐकलं असेल! त्यात माया असते, खोटं काही नसतं. पण पडून राहिलेल्या माणसाच्या मांड्या आठवड्याभरात बारीक दिसायला लागतात, आणि त्या परत भरायला महिने जातात.

एक काका होते. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. उजव्या अंगावरून वारं गेलेलं. झटक्यानंतर चार महिन्यांनी माझ्याकडे आणलं. काकूंनी त्यांना अक्षरशः फुलासारखं ठेवलं होतं. शर्टाची बटणं त्या लावायच्या, घास त्या भरवायच्या, खाजवायचं झालं तरी त्या. काकांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, शेजाऱ्याने सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा. मी तपासलं तर खांदा आणि कोपर बऱ्यापैकी हलत होते, बोटं मिटत होती, थोडी उघडतही होती. चार महिन्यांत त्या हाताला कोणी काही करायलाच सांगितलं नव्हतं. मेंदू अशा वेळी हाताचा नाद सोडतो. हात दुबळा असतो म्हणून वापरत नाहीत, आणि वापरत नाहीत म्हणून तो हात आपला आहे हेच विसरतात.

"तुम्हाला काय करायचंय?" हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायचे. काकांना बोलायलाही अडखळायला व्हायचं. त्यांनी बराच वेळ घेतला आणि म्हणाले, "भा... कर."

भाकरी एका हाताने मोडणं हे किती कसबाचं काम आहे, याकडे आपलं लक्ष नसतं. ताटात भाकरी असते. मधलं बोट आणि करंगळीच्या बाजूची बोटं ती दाबून धरतात, अंगठा आणि तर्जनी कडेचा तुकडा चिमटीत पकडून ओढतात. म्हणजे अर्ध्या हाताने धरायचं आणि त्याच हाताच्या अर्ध्याने तोडायचं. मग त्या तुकड्याचं खोलगट करून कोरड्यास उचलायचं, आणि ते न सांडता तोंडापर्यंत न्यायचं. इतकं सगळं एका घासात. आम्ही पहिले दिवस नुसत्या कणकेच्या गोळ्याला चिमटे काढले. मग भात कालवायचा. मग मऊ पोळी. भाकरी सगळ्यांत शेवटी, तीही आधी दुधात भिजवलेली.

काकूंना मी सांगितलं, "जेवणाच्या वेळी अर्धा तास तुम्ही बाहेरच्या खोलीत बसायचं." त्यांना राग आला. "मी जिती असताना ह्यांनी एकट्यानं जेवायचं? सांडत, लवंडत? लोक काय म्हणतील?" आठ दिवस त्या दवाखान्याकडे फिरकल्याच नाहीत. मला वाटलं, गेले हे. नवव्या दिवशी आले दोघं. काकूंनी काही सांगितलं नाही, पण काकांच्या शर्टावर आमटीचे डाग होते. ते डाग बघून मला जो आनंद झाला तो मी लपवला.

पुढे एकदा जेवणाच्या वेळेला मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. काका पाटावर नव्हते बसत, टेबलाशी बसले होते. ताटात बाजरीची भाकरी, वाटीत पिठलं. त्यांनी तळहात भाकरीवर टाकला. बोटं आधी आखडली, त्यांनी थांबून ती सैल होऊ दिली. अंगठा कडेपर्यंत सरकवला. ओढलं. भाकरी अख्खीच ताटात फिरली. पुन्हा दाबली, पुन्हा ओढलं, आणि कडेचा एक वेडावाकडा तुकडा सुटून आला. काकू दारात उभ्या होत्या, पदर मुठीत धरून. त्यांचे दोन्ही हात पुढे यायला निघालेले दिसत होते आणि त्या ते धरून ठेवत होत्या. घास काकांच्या तोंडात गेल्यावर त्या आत स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले. वाटलं, आनंदाने रडतायत. त्या म्हणाल्या, "मॅडम, आता मला काय काम उरलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिने ती बाई ज्या कामावर जगत होती ते मी काढून घेतलं होतं. तेव्हापासून कोणाच्याही घरच्यांना मी नुसतं "करू नका" म्हटलं नाही. काय करायचं तेही सांगायचे. भाकरी जरा जाड थापा, म्हणजे पकडायला सोपी जाईल. ताटाखाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे ताट सरकणार नाही. संध्याकाळी बरोबर चाला, पण दुबळ्या बाजूने चाला आणि हाताला धरून ओढू नका, त्याने खांदा निसटतो. मोकळ्या झालेल्या हातांना काहीतरी धरायला लागतं.

हे लिहिताना मला आमच्या धंद्याबद्दलही खरं बोललं पाहिजे. आमचे पैसे सिटिंगवर असतात. माणूस दहा दिवस आला तर दहाचे, तीस दिवस आला तर तीसचे. मशीनवर पडून शेक घेणं पेशंटलाही आवडतं, त्यात कष्ट नाहीत. व्यायाम सांगितला की चेहरा पडतो. "मॅडम, आज करंट नाही लावला?" असं विचारतात. मशीनने थोडा आराम पडतो, ताकद येत नाही. ती ज्याची त्यालाच कमवावी लागते. माझ्या मते, ज्या दिवशी पेशंट घरी स्वतःचं स्वतः करू शकतो त्या दिवशी त्याला "आता येऊ नका" असं सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. ते सांगताना मी काही वेळा रेंगाळले. महिन्याचं भाडं द्यायचं असायचं, आणि रोज येणाऱ्या माणसाची सवयही झालेली असायची. त्याची मला खंत आहे.

अंश मोजायला आमच्याकडे गोनिओमीटर असतो. गुडघा किती वाकतो, हात किती वर जातो. पण साताऱ्यात मी दुसरी मापं शिकले. खुर्चीतून उठायला गुडघा साधारण ९० अंश वाकला की भागतं, पण म्हशीची धार काढायला उकिडवं बसायचं तर १३० च्या पुढे जावं लागतं. खांदा आखडलेल्या बाईला ९० की १२० याच्याशी घेणंदेणं नसतं. तिला स्वतःची वेणी घालायची असते, ब्लाउजचं मागचं हुक लावायचं असतं. एक बाई म्हणाल्या होत्या, "सुनेला सांगायला लाज वाटते हो." मी त्यांच्या कागदावर अंश लिहिलेच नाहीत. लिहिलं: वेणी, डावीकडून. मधुमेह होता त्यांना. अशा माणसांचा खांदा जास्त आखडतो आणि सुटायला वेळ घेतो. त्यांना चौदा महिने लागले. ज्या दिवशी त्या स्वतः माळलेला गजरा घालून आल्या, त्या दिवशी मी त्यांना मागे वळायला लावून तो कितीतरी वेळ बघत राहिले.

आणि शब्द. हाताइतकाच शब्दांचा आधार असतो, आणि शब्दांची बेडीही होते. मार्केट यार्डातले एक हमाल आले होते, चाळिशीचे. दोन वर्षांपूर्वी कंबरेत चमक भरली. कोणीतरी एमआरआय बघून सांगितलं, "मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही." ते दोन वर्षं वाकले नव्हते. चपलेचा पट्टा मुलाकडून लावून घ्यायचे. रात्री झोपेत कूस बदलतानाही जागे व्हायचे, की गॅप वाढेल. कंबरेला पट्टा, तो काढायला तयार नाहीत. दुखणं कधीच ओसरलेलं होतं, भीती तेवढी राहिली होती. पुढे २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या मणक्याच्या फोटोंचा. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसत होत्या, आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. केस पांढरे होतात तसं ते. मी नंतर कितीतरी जणांना हे आकडे सांगितले. पण त्या हमालभाऊंच्या वेळी माझ्याकडे आकडे नव्हते. मी जमिनीवर, त्यांच्यासमोर, एक खोकं ठेवलं आणि म्हटलं, "उचलू नका. नुसतं खाली वाकून हात लावा. मी इथे आहे." त्यांना घाम फुटला. हात खोक्याला लागला तसे ते तिथेच वाकलेले थांबले, आणि खाली बघतच म्हणाले, "दुखलं न्हाई."

सगळे बरे झाले असं नाही. ते मी सांगितलं नाही तर वर लिहिलेलं सगळं खोटं ठरेल. बावीस वर्षांचा एक मुलगा आंब्याच्या झाडावरून पडला होता. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला, कंबरेखाली शून्य. मी किती बोटं ठेवली, किती दिवस ठेवली. तिथे पापणी फडफडली नाही. तो रोज विचारायचा, "मॅडम, चालीन ना?" मी तीन आठवडे "बघू" म्हणत राहिले. तो आधार नव्हता, मला खरं बोलायची भीती वाटत होती. शेवटी एक दिवस त्याच्या कॉटवर बसून सांगितलं की पाय परत येतील असं मला वाटत नाही. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मग हात कशाला करायचे?" आम्ही हातच करायला घेतले. दंड, खांदे, छाती. कॉटवरून खुर्चीत, खुर्चीतून कॉटवर. दर दोन तासांनी कूस. खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर अंग उचलायचं, नाहीतर बैठकीला जखम होते आणि त्याला ती कळतही नाही. लांब काठीला आरसा बांधून स्वतःची पाठ स्वतः तपासायची. ही जखमेची गोष्ट त्याने इतकी मनावर घेतली की घड्याळात गजर लावायचा. पुढे त्याने गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानाला पायरी नाही, उतार आहे. तो उतार त्याने गवंड्याकडून तीनदा तोडून नीट करून घेतला.

२०१६ साली माझ्या आईचा खुबा मोडला, एक्याऐंशीव्या वर्षी. एवढं सगळं शिकलेली मी, तिला धरताना सगळं विसरले. दोन्ही हातांनी धरायची, मागे बहिणीला उभं करायची. पाच-सहा दिवस आईने सहन केलं. मग म्हणाली, "सोड बाई. तू एवढं घट्ट धरलंस की मला वाटतं, मी आता पडणारच." हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. माझ्या हातातली भीती तिच्या कमरेतून पायात उतरत होती. मी हात काढला, चार बोटं मागे ठेवला. तिला तुळशीपर्यंत जायचं होतं. मधे उंबरा होता, चांगला वीतभर. तिथे ती वॉकर धरून थांबली, खालच्या चौकटीकडे बघत. मी श्वास रोखून. ती उंबऱ्याला नमस्कार करत होती, रोज करायची तसा, मान किंचित लववून. मग ओलांडला. पुढे अडीच वर्षं ती रोज तुळशीला पाणी घालत होती.

दवाखाना मी आता कराडच्या एका मुलीकडे दिला आहे. माझ्या अंगठ्यांचे सांधे झिजलेत, दाब देता येत नाही. ३७ वर्षं दाबलेले अंगठे आहेत ते. गेल्या महिन्यात सहज तिथे गेले होते. ती सरावाच्या जिन्यावर होती, तोच आमचा लाकडी जिना, चार पायऱ्या वर, तीन खाली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक बाई वर पोचल्या होत्या आणि आता उतरायचं होतं. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी," ती सांगत होती. बाईंनी कठडा धरला. खाली बघितलं आणि घाबरल्या.

"धरलंय ना मला?" मागे न बघता त्यांनी विचारलं.

"मी इथेच आहे," ती म्हणाली.

मी दारातून बघत होते. तिचा तळहात बाईंच्या पाठीमागे होता, उघडा, लागलेला नव्हता. मी नकळत बोटं मोजली. बाईंनी उजवा पाय उचलला, हवेत थोडा वेळ तसाच ठेवला, आणि खालच्या पायरीवर टेकवला.